‘इज’ आणि ‘वॉज’पासून सुरुवात करा: इंग्रजी व्यंजनांचा सराव

इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात माझा तिसरा आठवडा चालू होता. रात्रपाळी संपवून मी सकाळच्या नर्सला एकेका पेशंटची माहिती देत होते. एक तिशीतली बाई होती, तिला पूर्वी दोनदा आकडी येऊन गेली होती. आकडीचा इंग्रजी शब्द (seizure) मी आपल्या सवयीने ‘सीझर’ असा उच्चारला. समोरची लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, ‘मुलं केवढी आहेत तिची?’ तिला सिझेरियन ऐकू आलं होतं. आपल्याकडेही ‘तिचं सीझर झालं’ म्हणतात ते त्याच अर्थाने. मिनिटभरात उलगडा झाला आणि कागदावर योग्य तेच लिहिलं गेलं. पण माझ्या हाताला घाम फुटला होता. आकडी येणाऱ्या पेशंटकडे ज्या सावधपणे बघायचं असतं, ती सावधगिरी माझ्या एका व्यंजनात अडकली होती.

मी तासगावची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता सांगलीत असते आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स मुलींची संध्याकाळी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करून घेते. त्या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग उभे करायचे असतात आणि तुमचं बोलणं समोरच्याला किती सहज कळतं यालाही गुण असतात. पुढे जे सांगते आहे ते मी आधी स्वतःच्या तोंडावर करून पाहिलं आणि मग त्या मुलींकडून करून घेतलं. नर्स नसलात तरी उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. शाळेत आपण क ते म ही स्पर्शव्यंजनं शिकलो. स्पर्श म्हणजे जीभ किंवा ओठ कुठेतरी टेकतात, हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. आपले ज, झ, फ, थ सगळे तसेच अडणारे. अडता न अडता सलग वाहणारे आपल्याकडे मोजकेच: श, ष, स आणि ह, त्यातही ष आता बहुतेक जण श सारखाच म्हणतात. इंग्रजीत असे वाहणारे नऊ आहेत. आपली अडचण बहुतेक वेळा याच नवांत असते. जिथे हवा वाहायला हवी तिथे आपण ती अडवतो.

ओळखायची खूण सोपी आहे. आवाज पाच सेकंद लांबवून बघा. ‘स’ लांबवता येतो, सससस. ‘जाड’ मधला ज लांबवायला जा, येणार नाही. लांबतो तो फक्त त्याच्या मागचा आ. इंग्रजी झेब्राच्या सुरुवातीचं व्यंजन मात्र हवं तितकं लांबतं. लांबत नसेल तर तुम्ही आपलाच ज किंवा झ म्हणताय.

लिपीमुळेही घोळ होतो. आपण झिरो, झेरॉक्स, झूम असं झ ने लिहितो आणि मग वाचताना झाडातला झ म्हणतो, वर ह चा जोर देऊन. म्हणून सरावाच्या वहीत मी हिंदीसारखं अक्षराखाली टिंब द्यायला लावते. ज़ म्हणजे वाहणारा, साधा ज म्हणजे अडणारा. इथेही तसंच लिहिते.

हा ज़ सगळ्यात आधी घ्या. माझ्या मते तेवढा एकच सुधारला तरी ऐकणाऱ्याला निम्मा फरक जाणवतो, कारण तो झेब्रासारख्या क्वचित लागणाऱ्या शब्दांत नाही, इज़, वॉज़, हॅज़, हिज़, डज़, बिकॉज़, दीज़, ऑलवेज़ यांत आहे. दर वाक्यात एखादा येतोच. आपण इज, वॉज, बिकॉज म्हणत राहतो आणि लक्षातही येत नाही.

असं करा. दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाका. ‘सससस’ म्हणा. फक्त हवेची सुरसुर ऐकू येईल. आता जीभ, दात, ओठ जरासुद्धा न हलवता त्याच सुरसुरीत गळ्यातला आवाज मिसळा. डोक्यात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण होईल. तोच ज़. मग आवाज बंद, चालू, बंद, चालू: सससस-ज़ज़ज़ज़-सससस-ज़ज़ज़ज़. तोंड हललं की चुकलं.

ज्यांना असं जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती आपल्या भाषेतूनच जाते. मराठीत ज दोन आहेत, ‘जीव’ मधला आणि ‘जाड’ मधला. ‘जाड’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते, जवळजवळ ज़ च्याच जागी. ‘जाड’ हळूहळू म्हणा आणि जीभ टेकायच्या आधी केसभर अंतरावर रोखा. टेकली नाही की ज़ आला. माझ्याकडे जतहून येणाऱ्या एका मुलीला भुंग्याने आठ दिवस दाद दिली नाही. ‘जाड’ घेऊन ती एका बैठकीत ज़ म्हणायला लागली.

यानंतर जोड्या. आइस म्हणजे बर्फ, आइज़ म्हणजे डोळे. प्राइस किंमत, प्राइज़ बक्षीस. लूस सैल, लूज़ हरवणं. रेज़ म्हणजे वर उचलणं, रेज म्हणजे संताप. डिज़ीज़ या एकाच शब्दात दोन ज़ आहेत आणि आपण त्याचं ‘डिसीज’ करतो, म्हणजे दोन्ही चुकवतो. दवाखान्यातले आणखी शब्द: डिज़ी, चक्कर येणं; ब्रूज़, मुका मार; नोज़, नाक. अनेकवचनाचा स सुद्धा खूपदा ज़ होतो. डॉग्ज़, पिल्ज़, बेड्ज़, पण कॅट्स, टॅब्लेट्स. आधीच्या व्यंजनाला गळा गुणगुणत असेल तर शेवटही गुणगुणतो. कान झाकून बघा, नियम पाठ करावा लागणार नाही.

आता माझा जुना वैरी, आकडीच्या शब्दातला. तो ज़ सुद्धा नाही. ‘शशशश’ म्हणा, कान झाका, आणि मघासारखाच त्यात गळ्याचा आवाज सोडा. मराठीत त्याला अक्षर नाही, म्हणून वहीत श भोवती गोल करा. मापाचा मेझर, सुखाचा प्लेझर, नेहमीचा यूझ्वल, टेलिव्हिजन, व्हिजन, या सगळ्यांत हा गोलातला श आहे. मेजर म्हणजे लष्करातला अधिकारी किंवा ‘मोठा’, तिथे मात्र आपला जीवातला ज चालतो. ‘ब्लड प्रेशर मोजलं’ हे इंग्रजीत सांगताना मोजण्यात गोलातला श आणि प्रेशरमध्ये साधा श लागोपाठ येतात. सरावाला याहून चांगली जोडी मला सापडलेली नाही.

व कडे वळू, इथे जरा रेंगाळायला हवं. ‘व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठव’ हे आपण दिवसातून चारदा म्हणतो. दोन्ही इंग्रजी शब्द आपण व्ह ने लिहितो, पण इंग्रजीत त्यांची सुरुवात सारखी नाही. व्हॉट, व्हील, व्हाइट यांच्या सुरुवातीला असतो गोल ओठांचा व. व्हिडिओ, व्हॅन, व्हेन (शीर) यांत दातांचा व. ह दोन्हींत नको. आणि ‘पाठव’ मधला आपला मराठी व या दोघांच्या अधेमधे राहतो, ओठ दाताजवळ जातो पण धड टेकत नाही. म्हणूनच समोरच्याला कधी एक ऐकू येतो, कधी दुसरा.

हातात छोटा आरसा घ्या. गोल व साठी आधी ‘ऊ’ म्हणा, बासरी फुंकताना होतो तसा ओठांचा चंबू. त्या चंबूतूनच पुढचा स्वर उघडा: ऊ-ई, ऊ-ऑटर, ऊ-अन. भरभर म्हटलं की वी, वॉटर, वन. आरशात दात दिसता कामा नयेत. दातांच्या व साठी खालच्या ओठाची आतली ओलसर कड वरच्या दातांना हलकी लावा आणि गुणगुणत हवा सोडा. ओठाला गुदगुल्या होतील. आरशात वरचे दात दिसलेच पाहिजेत. हाही पाच सेकंद लांबला पाहिजे. ओठ चावू नका, नुसता टेकवा.

वेट म्हणजे ओलं, व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर. वर्स म्हणजे आणखी वाईट, व्हर्स म्हणजे कवितेचं कडवं. वॉर्ड, वूंड, वॉक, स्वेलिंग गोल. व्हॉमिट, व्हेन, फीव्हर, सिव्हिअर दातांचे. ट्वेल्व्हमध्ये आधी गोल, मग दातांचा, म्हणून आरशात तो शब्द बघायला मजा येते. माझ्या मुली रोज हे वाक्य म्हणतात: ‘वी विल व्हिज़िट द वॉर्ड ॲट ट्वेल्व्ह.’ पहिल्यांदा अगदी सावकाश, प्रत्येक व ला आरशात थांबून. घाई करणारी मुलगी पुन्हा मराठी व वर घसरते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी घड्याळ लावून सावकाश म्हणायला लावते.

फ बद्दल थोडक्यात. खूप जणांचा फ आता आपोआप इंग्रजी वळणाचा, दात-ओठांचा झाला आहे, त्यांना काही करायला नको. ज्यांचे दोन्ही ओठ मिटतात त्यांनी दातांच्या व ची जागा घ्यावी आणि गळ्याचा आवाज बंद करावा. पण फणस, फळ, फुगा म्हणताना आपला दोन्ही ओठांचा फ राहू द्या. माझी आजी तो इतका गोड म्हणायची की एका भाषेसाठी दुसरीचं व्यंजन घालवणं मला पटत नाही.

आता थ, ज्याची सगळ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते. मी त्याला शेवटी ठेवते आणि कारणही सांगते. मराठी माणूस थ्री आणि ट्री, थिन आणि टिन कधीच एकात एक करत नाही. आपला थ दातांवर, ट टाळूकडे, फरक शाबूत राहतो आणि ऐकणाऱ्याला शब्द कळतो. वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलताना काय कळतं आणि काय अडतं, याचा अभ्यास जेनिफर जेन्किन्स यांनी केला आणि २००० साली मांडला. समजण्यासाठी अत्यावश्यक उच्चारांच्या त्यांच्या यादीत हा थ नाही. ज्यांना तरी हवाच, त्यांनी जिभेचं टोक दातांच्या फटीत हलकं ठेवून हवा वाहू द्यावी. तेवढंच. त्यावर महिना घालवू नका.

त्याच यादीत एक गोष्ट आहे जिच्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क नंतर इंग्रजीत हवेचा एक झोत सुटतो. आपला प कोरडा असतो. त्यामुळे ‘पिल’ म्हटलं तर त्यांच्या कानाला कधी ‘बिल’ वाटतं, ‘कोट’चा ‘गोट’ होतो. आपल्याला हा झोत नवा नाही. कार आणि खार यांतला फरक आपल्याकडे पहिलीतलं पोर करतं. इंग्रजी कार आपल्या खारच्या बाजूला झुकते. टिश्यू पेपरची पट्टी ओठांसमोर धरा. पेन, पिल, टी, कोट म्हणताना ती हलली पाहिजे. पण स च्या मागे झोत नसतो: स्पिन, स्टॉप, स्किन म्हणताना पट्टी जवळपास गप्प राहील. तिथला प, ट, क आपल्या मराठीसारखाच कोरडा.

शब्दांच्या शेवटाकडे फक्त दोन गोष्टी बघा. ब्रीदिंग, ब्लीडिंग यांच्या शेवटी ग ऐकू येता कामा नये. ‘रंग’ म्हणायला सुरुवात करा आणि ग फुटायच्या आत थांबा, नाकातला तो उरलेला आवाज म्हणजे शेवट. आणि भूतकाळाचा शेवट तीन प्रकारचा: वॉश्ट, क्लीन्ड, व्हॉमिटिड. ‘वॉशेड’ नाही. ट किंवा ड वर संपणाऱ्या क्रियापदांनाच वेगळा ‘इड’ लागतो.

रोजचा सराव दहा मिनिटांचा ठेवा, पण एका आठवड्यात एकच व्यंजन. आधी तीन दिवस फक्त कान. घरातल्या कुणाला तरी, किंवा फोनवरच्या शब्दकोशातल्या आवाजाला, जोडीतला एक शब्द म्हणू द्या आणि तुम्ही न बघता डावा किंवा उजवा हात वर करा. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत तोंड उघडू नका. जो फरक कानाला कळत नाही तो जिभेला कळत नाही. मग लांबवणं, मग सुटे शब्द, मग तुमच्या कामातली खरी वाक्यं. फोनच्या आवाजी टायपिंगवर फार विसंबू नका. ते पुढचे-मागचे शब्द पाहून अंदाज बांधतं आणि चुकलेलंही बरोबर करून छापतं. सुटा शब्द म्हणून पाहायला मात्र ठीक आहे.

सुटे शब्द मला आठवड्यात आले. बोलण्याच्या ओघात ज़ यायला तीन महिने लागले. म्हणून रविवारी दोन मिनिटं, दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा आणि ऐकताना बाकी सगळं सोडून फक्त इज़ आणि वॉज़ मोजा. एकूण किती आले, त्यांतले वाहते किती. दोन आकडे वहीत तारखेसमोर लिहा. माझ्या पहिल्या रविवारी एकोणीस आले होते, त्यांतले वाहते चार.