एकाच होस्टवर सर्व्हर आणि बारा डेस्कटॉप: सकाळी दहाला टॅली अडकू नये म्हणून काय करायचं

एका सीए ऑफिसचे कॉम्प्युटर मी बघतो. तिथे पहिल्यांदा एकाच मशीनवर (यालाच होस्ट म्हणतात) टॅलीचा सर्व्हर आणि बारा जणांचे विंडोज डेस्कटॉप टाकले तेव्हा रविवारी सगळं मस्त पळत होतं, आणि सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी बाराही जण एकदम लॉगिन झाले तशी टॅली जी गोठली ती अर्धा तास हललीच नाही. तारीख 20, जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं. सीपीयू बघितला तर निम्मा रिकामा! चूक माझीच, सगळ्या व्हीएम (होस्टच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेली व्हर्च्युअल मशीन) मी एकाच 7200 आरपीएम हार्डडिस्कच्या जोडीवर ठेवलेल्या. अशी डिस्क सेकंदाला साधारण 80-100 रँडम रीड (डिस्कवर इकडचं-तिकडचं वाचन) करते आणि एकटा विंडोज चालू होतानाच शेकड्यांनी मागतो, मग बारा एकदम उठले की टॅलीच्या वाट्याला काय उरणार.

तेव्हापासून ज्या क्रमाने करतो तो सांगतो. व्हीएम चालवायला मी प्रॉक्समॉक्स वापरतो, फुकट आहे, खाली डेबियन लिनक्स आणि त्याचं व्हीएम चालवणारं केव्हीएम. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही असेल तर बटणं वेगळी, हिशोब तोच.

आधी कागदावर बेरीज

होस्ट 16 कोअर, 128 जीबी रॅम धरा. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) 2 कोअर 4 जीबी, टॅली 4 कोअर 16 जीबी, फाइल सर्व्हर 2 कोअर 8 जीबी. बारा डेस्कटॉप प्रत्येकी 2 कोअर 6 जीबी. कोअरची बेरीज 32, म्हणजे दुप्पट वाटप, त्याचं टेन्शन नाही कारण ऑफिसातला माणूस बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलेला असतो. रॅम मात्र अशी ताणता येत नाही. 28 अधिक 72 म्हणजे 100, होस्टला 4, झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टीम) वापरत असाल तर त्याच्या कॅशला 12, झाले 116. उरलेले 12 कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत. आणि जुनं इन्स्टॉलेशन असेल तर कॅशची मर्यादा स्वतः घाला, नाहीतर झेडएफएस निम्मी रॅम खाऊन बसतो, नव्यात ती 10 टक्क्यांवर आपोआप बांधलेली असते.

लायसन्सचं याच वेळी बघा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये होस्टचे सगळे कोअर (किमान 16) लायसन्स केले की दोनच विंडोज सर्व्हर व्हीएम चालवता येतात, तिसरा आला की परत तेवढेच पैसे. म्हणून फाइल सर्व्हर मी लिनक्स आणि सांबावर (लिनक्सवरून विंडोजला फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) ठेवतो. युजर कॅल, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स, वेगळे. जुन्या पीसीसोबत आलेलं ओईएम विंडोज व्हीएममध्ये चालत नाही, डेस्कटॉप व्हीएमसाठी वेगळं लायसन्स लागतं, आणि बरेचदा सगळा बेत इथेच महाग पडतो, तेव्हा मशीन घ्यायच्या आधी कोटेशन मागवा.

डिस्क वेगळ्या करा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. सर्व्हरसाठी एसएसडीची एक मिरर जोडी (दोन्हीवर तोच डेटा), डेस्कटॉपसाठी दुसरी. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या (लाइट गेली तरी लिहिलेलं न गमावणाऱ्या) घ्या, साध्या घरगुती एसएसडी झेडएफएसवर लिहिताना धापा टाकतात. बजेट एकाच जोडीचं असेल तर प्रत्येक डेस्कटॉपच्या डिस्कच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ टॅब असतो, तिथे रीड-राइटला मर्यादा घाला. मी सेकंदाला 500 ऑपरेशनपासून सुरू करतो आणि कोणी ओरडलं तर वाढवतो. सर्व्हरला मर्यादा घालायची नाही.

मग प्राधान्य

प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला सीपीयू युनिट्स असतात, डिफॉल्ट 100. टॅलीला 300 करा, डेस्कटॉप तसेच राहू द्या. ओढाताण झाली तरच हे लागू होतं, एरवी कोणाचं काही कमी होत नाही. बलूनिंग (चालू व्हीएमची रॅम कमी-जास्त करणं) सर्व्हरवर बंद. डेस्कटॉपवर कमीत कमी 4, जास्तीत जास्त 6 जीबी ठेवा, होस्टची रॅम 80 टक्क्यांच्या आसपास गेली की तो डेस्कटॉपकडून थोडी थोडी परत घेतो.

डेस्कटॉप एकच नीट बनवा, सिसप्रेप (विंडोजची त्या मशीनपुरती ओळख पुसणारं टूल) करून टेम्प्लेट, मग त्याचे क्लोन. विंडोज 11 ला टीपीएम (सुरक्षेची चिप) लागतो, तो व्हर्च्युअल जोडता येतो. आणि व्हर्टआयओ ड्रायव्हरची (व्हीएमच्या डिस्क आणि नेटवर्कचे ड्रायव्हर) आयएसओ फाइल व्हीएमच्या दुसऱ्या सीडीला लावायला विसरू नका, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही आणि माणूस तासभर बायोस धुंडाळत बसतो. ऑफिसातले जुने डबे फेकायचे नाहीत, रिमोट डेस्कटॉपने जोडायला ते भरपूर होतात.

लाइट जाऊन आल्यावर

यूपीएस संपला, होस्ट बंद पडला, लाइट आली, की सगळ्या व्हीएम एकामागोमाग लगेच उठायला बघतात. म्हणून स्टार्ट ऑर्डर द्या. 1 नंबर डोमेन कंट्रोलर आणि पुढे 120 सेकंद थांबा, 2 नंबर टॅली, 3 फाइल सर्व्हर, दोघांपुढे 60-60 सेकंद, मग डेस्कटॉप 20-20 सेकंदांनी. सगळे उठायला आठ-नऊ मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. अँटीव्हायरसचं स्कॅन आणि विंडोज अपडेट पण असंच वेगवेगळ्या वेळी लावा, बाराही डेस्कटॉपवर दुपारी एकला स्कॅन म्हणजे पुन्हा तीच सोमवारची सकाळ.

डेस्कटॉप आणि सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) ठेवा, कारण कुठल्यातरी मेलवर क्लिक करणारा डेस्कटॉपवरच असतो. प्रॉक्समॉक्सचं लॉगिन पान डेस्कटॉपच्या व्हीलॅनमधून उघडताच कामा नये. बॅकअप रात्री, आणि दुसऱ्या मशीनवर. त्याच होस्टवर ठेवलेल्या कॉपीला मी बॅकअप म्हणत नाही. होस्ट गेला तर सगळं ऑफिस बसून राहतं हे मालकांना आधीच सांगा, परवडत असेल तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम होस्ट घ्या. ऑटोकॅडवाले असतील तर त्यांना यात घेऊच नका, त्यांचा पीसी टेबलाखाली राहू द्या.

शेवटची टेस्ट रविवारी करा. बाराही डेस्कटॉप मुद्दाम एकदम चालू करा आणि त्याच वेळी टॅलीत सगळ्यात मोठ्या पार्टीचं लेजर उघडा, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. एकीकडे होस्टच्या समरीमधला आयओ डिले (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) बघा. माझ्याकडे तो 10 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की मी डिस्कची मर्यादा आणखी आवळतो आणि परत मोजतो, लेजर तीन-चार सेकंदात उघडेपर्यंत.