दार उघडेपर्यंत : गृहभेट कशी करावी

चौदा वर्षं मी गृहभेटींचं काम करते आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, दवाखान्यात येणं थांबलंय, फोन उचलला जात नाही, अशा माणसांच्या घरी जायचं. या कामात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिल्या भेटीत गोळ्यांचा विषय काढू नका. एक गृहस्थ दोन महिने मला दार उघडत नव्हते. मी दर मंगळवारी अकरा वाजता जायचे, दाराबाहेरून नाव सांगायचे, दोन वाक्यं बोलायचे, "पुढच्या मंगळवारी अकराला येते" म्हणून निघायचे. नवव्या मंगळवारी दार चार बोटं उघडलं आणि मोडलेला चष्मा बाहेर आला. काडी तुटली होती. मी चष्मा दुरुस्त करून आणला. औषधांबद्दल पहिलं वाक्य बोलायला त्यानंतर आणखी तीन आठवडे लागले, पण ते वाक्य त्यांनी स्वतः काढलं. म्हणून येताना काय आणू, काय अडलंय, हे आधी विचारा. दिलेली वेळ मात्र पाळा. संशयाने पोखरलेल्या माणसाला तुमच्या पदवीपेक्षा तुमचं अकरा म्हणजे अकरा असणं जास्त कळतं.

जाण्याआधी कुठे चाललाय आणि कधी परतणार, हे कार्यालयात सांगून ठेवा. पहिल्या भेटीला दोघांनी जा. घरात दाराजवळ बसा, पण त्या माणसाचा बाहेर जायचा रस्ता अडवू नका. कोंडल्यासारखं वाटलं की कुणीही बिथरतं.

भास आणि संशय यांवर वाद घालू नका, होकारही देऊ नका. शेजारी भिंतीतून बोलतात असं कुणी म्हणालं तर मी म्हणते, "मला तो आवाज येत नाही. पण तुम्हाला येतोय आणि तीन रात्री झोप नाही, हे मला दिसतंय. झोपेचं काय करूया?" झोपेवर बहुतेकांशी बोलता येतं. आपण आजारी आहोत हेच न पटणं हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. त्याला हट्ट समजून चिडलात तर दार पुन्हा बंद होईल.

आता गोळ्या. "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येतं. "यातली सगळ्यात नकोशी कोणती?" असं विचारा, मग खरं बाहेर पडतं: वजन, दिवसभर झोप, लैंगिक अडचण. पायांची तळमळ, म्हणजे एका जागी बसवतच नाही, हा त्रास घरच्यांना अनेकदा आजार वाढल्यासारखा वाटतो. तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. रोजच्या गोळ्या जमत नसतील तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.

दोन औषधांना विशेष जपा. क्लोझापिन, म्हणजे इतर औषधांनी न भागणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध, ४८ तासांहून जास्त चुकलं तर आधीच्या मात्रेने परत सुरू करायचं नसतं. डॉक्टरांना विचारूनच, कमी मात्रेपासून. त्यावर असताना ताप किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासा, कारण पांढऱ्या पेशी घसरू शकतात. बद्धकोष्ठता किरकोळ समजू नका, ती जिवावर बेतू शकते. आणि धूम्रपान अचानक सुटलं तर रक्तातलं क्लोझापिन वाढतं, तेही कळवा. लिथियम, म्हणजे बायपोलर आजारात मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, चालू असेल तर उलट्या, जुलाब, वाढलेली थरथर, तोल जाणं ही धोक्याची खूण. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही लिथियम वाढतं, म्हणून घरातला औषधांचा डबा एकदा बघून घ्या.

माणूस बरा असताना त्याच्यासोबत एक कागद तयार करा: बिघडायला लागलं की आधी काय होतं? शब्द त्याचेच हवेत. एकीने लिहिलं होतं, "मी आरसा झाकते." पुढे दीड वर्षाने आरशावर ओढणी दिसली, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि भरती होण्याची वेळ आली नाही. कुणाला फोन करायचा आणि कुणाला अजिबात करायचा नाही, हेही त्याच कागदावर.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल, आणि कसं करायचं हेही ठरलेलं असेल, तर त्या माणसाला एकटं सोडून निघू नका. तिथूनच डॉक्टरांना किंवा आपत्कालीन सेवेला फोन लावा.

घरी जो सांभाळतो त्याच्याशीही बोला, पण चोरून नाही. "मी आईंशी दहा मिनिटं बोलते" असं सगळ्यांसमोर सांगून बोला. त्या आईने शेवटचं पुरतं कधी झोपून घेतलं, हेही विचारा.

हे काम एकट्याने ओढायचं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन आणि समाजकार्यातल्या मेरी ॲन टेस्ट यांनी रुग्णालयाबाहेर जी पद्धत उभी केली, तिच्यात एकाच चमूत डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते होते. वॉर्डात शिकवलेलं घरी टिकत नाही, हे दिसल्यावर ते माणसाच्या घरीच जाऊन स्वयंपाक, खरेदी, बसचा प्रवास त्याच्याबरोबर करू लागले. त्या पद्धतीत दर कर्मचाऱ्यामागे साधारण दहाच माणसं असतात. तुमच्याकडे चाळीस असतील तर वरिष्ठांना हा आकडा सांगा आणि सांगत राहा.

निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगा. आडवं काही आलं तर आदल्या दिवशी फोन करा. नोंद लिहिताना तीच वाक्यं लिहा जी त्या माणसाला वाचून दाखवता येतील. मी दाखवते. कधी कधी ते चुका काढतात, मग मी त्यांच्यासमोरच दुरुस्त करते.