स्तनाचा कॅन्सर: बायोप्सीच्या रिपोर्टात प्रकार कसा वाचायचा

गाठ कॅन्सरची निघाली की घरात पहिला प्रश्न असतो, "कुठली स्टेज?" स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय. तो कसला आहे, हे प्रकार सांगतो आणि औषध कुठलं द्यायचं हे बरंचसं त्यावरच ठरतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत अडचण अशी की रिपोर्ट येतो इंग्रजीत, ओपीडीतलं बोलणं बऱ्याचदा कानडीत होतं आणि निर्णय घ्यायचा असतो मराठीत. म्हणून रिपोर्टात काय शोधायचं ते इथे सांगतो.

त्याआधी नमुन्याबद्दल, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. बारीक सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, फक्त सुट्या पेशी येतात. कॅन्सर असल्याचं त्यात कळू शकतं, पण तो दुधाच्या नळीतच आहे की भिंत फोडून बाहेर आलाय, हे कळत नाही. त्यासाठी कोअर बायोप्सी लागते: जागा बधिर करून साधारण १४ गेजच्या जाड सुईने काही तुकडे काढतात. टाके सहसा लागत नाहीत आणि सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका. उलट, बायोप्सी न करताच गाठ कापून काढली, तर कडेला आजार राहून दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं आणि आधी केमो देऊन गाठ लहान करण्याची संधीही जाते.

तुकडे तासाभराच्या आत १० टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, गेले पाहिजेत. द्रव तुकड्यांच्या दहापट हवा आणि नमुना त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. गावातल्या दवाखान्यातून बेळगावच्या लॅबपर्यंत बाटली नातेवाईकच नेत असतील तर निघण्यापूर्वी विचारा: यात फॉर्मलिनच आहे ना? सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो आणि पुढे हार्मोनची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लेबलावर नाव, डावी की उजवी बाजू आणि काढल्याची वेळ असू द्या.

आता रिपोर्ट. 'इन सिटू' लिहिलं असेल तर पेशी जागच्या जागी आहेत. 'डक्टल कार्सिनोमा इन सिटू' म्हणजे नळीतच असलेला आजार, स्टेज शून्य. 'इनव्हेझिव्ह' किंवा 'इनफिल्ट्रेटिंग' म्हणजे भिंत फोडून बाहेर आलेला. दहापैकी सात-आठ जणींना यातला नळीचा प्रकार असतो. नव्या रिपोर्टांत त्यालाच 'नो स्पेशल टाइप' म्हणतात. नाव बदललं म्हणून घाबरू नका. 'लोब्युलर' हा दूधग्रंथींचा प्रकार. त्यात पेशी एकामागे एक रांगेने पसरतात, त्यामुळे ठळक गाठ लागत नाही आणि मॅमोग्राफीतही तो निसटू शकतो. अशा वेळी एमआरआयचा सल्ला मिळाला तर तो उगाच खर्च समजू नका.

दोन प्रकार कातडीवरून संशय देतात. बोंडावर खरूज-गजकर्णासारखी चिघळ आली आणि मलमाने बरी होत नसेल तर पॅजेटचा आजार, म्हणजे बोंडाच्या कातडीतला कॅन्सर, तपासावा लागतो. स्तन काही आठवड्यांत लाल, गरम, सुजलेला झाला आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली तर 'इन्फ्लेमेटरी' कॅन्सर असू शकतो. त्यात गाठ नसतेही. अंगावर पाजणाऱ्या बाईला खरंच गळू होतं, पण अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊनही सूज उतरली नाही तर दुसरा कोर्स नको, बायोप्सी हवी.

ग्रेड आणि स्टेज एक नव्हेत. ग्रेड १ ते ३ असते आणि पेशी किती बिघडल्यात, किती जोराने वाढतायत ते सांगते. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नाही. ही गल्लत घरोघरी होते.

सगळ्यात मोलाच्या ओळी असतात ईआर, पीआर आणि हर-२ या. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना धरणारे पेशींवरचे रिसेप्टर, हर-२ म्हणजे पेशींची वाढ जोराने करणारं प्रथिन. त्यांची तपासणी, आयएचसी (तुकड्याला खास रंग देऊन हे शोधणं), अनेकदा वेगळी सांगावी लागते आणि रिपोर्टही नंतर येतो. तो येण्याआधी केमोची घाई करू नका. ईआर १ टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. मात्र १ ते १० टक्के हा 'कमी पॉझिटिव्ह' गट, त्याबद्दल डॉक्टरांशी नीट बोला. पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनची गोळी निदान ५ वर्षं: पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमसारखी. केमोमुळे थांबलेली पाळी म्हणजे कायमची गेलेली पाळी नव्हे. अंडाशय काम करत असताना नुसतं लेट्रोझोल उपयोगी पडत नाही.

हर-२ समोर ०, १+, २+ किंवा ३+ लिहिलेलं असतं. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे उत्तर अर्धवट. फिश नावाची पुढची तपासणी झालीच पाहिजे. तिचा खर्च वाचवायला २+ लाच निगेटिव्ह धरलं तर नेमकं औषध हुकतं आणि पॉझिटिव्ह धरलं तर हृदयाला जड पडू शकणारं इंजेक्शन विनाकारण दिलं जातं. ते इंजेक्शन ट्रास्टुझुमॅब. सहसा दर तीन आठवड्यांनी वर्षभर देतात, मध्ये दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. बेंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ मध्ये त्याचं देशी रूप बाजारात आणलं, तेव्हा ब्रँडच्या नावावर अडून राहू नका.

तिन्ही निगेटिव्ह असतील तर 'ट्रिपल निगेटिव्ह'. त्यात हार्मोनची गोळी चालत नाही, केमो हाच मुख्य आधार, आणि गाठ २ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेत आजार असेल तर केमो बहुधा ऑपरेशनआधी देतात. अशा बाईची बीआरसीए जनुकाची तपासणी करावी, त्यातला बिघाड घराण्यात उतरू शकतो. तिच्या बहिणी-मुलींनाही त्याचा उपयोग होतो.

पैशाचं आधीच पाहा. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागेल का, ते ॲडमिट होण्याआधी विचारा.

हुबळी, बेंगळुरू किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला निघालात तर कागदाची झेरॉक्स पुरत नाही. लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, मागून घ्या. बायोप्सी नंबर द्या आणि पोच लिहून द्या. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. काम झालं की परत आणून लॅबला द्या किंवा घरी थंड, कोरड्या जागी जपून ठेवा. काही वर्षांनी आजार उलटलाच तर नव्या गाठीचीही बायोप्सी मागा, कारण ईआर आणि हर-२ मधल्या काळात बदललेले असू शकतात. जुना ब्लॉक तेव्हा तुलनेला लागतो.