उपाशी, हाडं वर आलेल्या शिंगराला परत उभं कसं करायचं

लग्नसराई संपली की आपल्या ठाणे-नवी मुंबईत खाडीच्या कडेला, पुलाखाली नाहीतर एखाद्या मोकळ्या प्लॉटवर बांधून ठेवलेलं घोडं दिसतं. त्यात कधी वर्षा-दीड वर्षाचं शिंगरू असतं, बरगड्या लांबूनच मोजता येतात, पुठ्ठ्याची हाडं वर आलेली, अंगावर गोचीड. बघणाऱ्याचा जीव तुटतो आणि तो पळत जाऊन गूळ-चणे, पाव, चपात्या, केळी, जे हाताला लागेल ते आणतो. हात जोडून सांगते, हे करू नका. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेलं जनावर एकदम मिळालेल्या पोटभर खाण्याने मरू शकतं.

कारण असं की उपासमारीत शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचं मांस जाळून तग धरतं आणि अंगातला फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी चणे, बाजरी, गूळ पोटात गेलं की रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन उसळतं आणि ते उरलेले क्षारही रक्तातून पेशींमध्ये ओढून नेतं. मग हृदय, श्वासाचे स्नायू, किडन्या सगळंच ढासळतं. आणि हे पहिल्याच दिवशी दिसत नाही, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतं, म्हणजे नेमकं आपण "वाचलं बाबा" म्हणून निर्धास्त होतो तेव्हा.

आधी फोन, मग घास

शिंगरू कुणाचं आहे ते विचारा. कितीही राग आला तरी दावं सोडून परस्पर घेऊन जाऊ नका, पुढे चोरीचा विषय होतो आणि त्यात जनावराचेच हाल होतात. फोटो, व्हिडिओ, जागा, तारीख नोंदवा आणि जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पशुसंवर्धनच्या १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा, ठाण्यातल्या प्राणीमित्र संस्थांनाही कळवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या इथून फार लांब नाही, पण ज्याला धड उभं राहता येत नाही त्याला टेम्पोत घालून उन्हातून न्यायची घाई नको, शक्य असेल तर डॉक्टरांनाच जागेवर बोलवा. आणि घोड्यांचा अनुभव असलेले डॉक्टर बघा, कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकवाल्यांना घोड्याची सवय असेलच असं नाही.

डॉक्टर आले की रक्त तपासून घ्या. आपल्याकडे नुसत्या उपासमारीवर खापर फोडून चालत नाही, कारण सर्रा नावाचा रोग मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि त्यातही जनावर असंच वाळत जातं, ताप येतो-जातो, पाय सुजतात. सर्रा असेल तर कितीही चारा घाला, अंग धरणार नाही. दुसरं म्हणजे नाकातून चिकट पू येत असेल किंवा अंगावर गाठी, फुटलेले फोड असतील तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका घ्या. तो माणसालाही होतो, जीवघेणा आहे, आणि त्याची सरकारला खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे. रिपोर्ट येईपर्यंत शिंगराला बाकीच्या घोड्यांपासून लांब ठेवा, बादली वेगळी, हातात ग्लोव्हज.

पहिले दहा दिवस

सगळ्यात योग्य चारा म्हणजे सुकवलेला लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा. त्यात स्टार्च कमी, प्रोटीन चांगलं, शिवाय मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मिळतो. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उपाशी घोड्यांवर वेगवेगळा आहार देऊन अभ्यास झाला, त्यात लसूणघासच सरस ठरला. त्यांचा हिशोब ४५० किलोच्या मोठ्या घोड्याला दर ४ तासांनी जेमतेम अर्धा किलो सुका घास, असा आहे, रात्रीसुद्धा. आपलं शिंगरू २०० किलोच्या आसपासचं असेल तर एका वेळेला साधारण २०० ग्रॅम झाला. हो, एवढाच. मूठभर वाटतं, शिंगरू बादलीत तोंड घालून अजून शोधत राहतं, तुमच्याकडे बघतं, आणि तिथेच तुमचा कस लागतो. पहिले तीन दिवस हेच प्रमाण. चौथ्या-पाचव्या दिवशी हळूहळू वाढवायचं आणि वेळा थोड्या कमी करायच्या, सहाव्यापासून दहाव्यापर्यंत दिवसातून तीनदा, एकूण चारा सुरुवातीच्या दुपटीवर नेत. दहा दिवसांनंतर, सगळं ठीक असेल तर, खाईल तेवढा घास. अर्थात ही ढोबळ चौकट आहे, तुमच्या शिंगराचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

सुका घास मिळाला नाही आणि ओलाच आणावा लागला तर त्यात पाणीच जास्त, म्हणून वजनाला चार-पाच पट लागतो, आणि तो ढिगात गरम झालेला नसावा. पाणी स्वच्छ आणि कायम समोर, पण शिंगरू पाण्यावाचून फार सुकलेलं असेल तर सुरुवातीला थोडं थोडं. मिठाचा दगड चाटायला ठेवा. चंदी पूर्ण बंद, म्हणजे चणे, ओट्स, कोंडा, गूळ काहीच नाही.

आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा, शेजारच्या म्हशींच्या तबेल्यातलं तयार पशुखाद्य घालायचं नाही. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाई-म्हशींना ते चालतं, घोड्याला मात्र ते विष आहे, हृदयच बंद पडतं.

घास भिजलेला, काळपट, वास मारणारा असेल तर फेकून द्या. जून-जुलैमध्ये आपल्याकडच्या दमटपणात गंजी दोन दिवसांत बुरसटते, म्हणून थोडा थोडाच आणा आणि लाकडी फळ्यांवर उंच ठेवा. घोड्याला उलटी करता येत नाही, जे आत गेलं ते पुढेच सरकणार. खाली अंथरायला पेंढा नको, भुकेने तोच खाईल, लाकडाचा भुसा बरा. चारा वाळूवर टाकू नका, वाळू पोटात साठून पोटशूळ होतो.

रोज काय बघायचं

एक वही करा. सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, श्वास, लीद किती आणि कशी. मोठ्या घोड्याची नाडी आरामात असताना मिनिटाला २८ ते ४४ असते, शिंगराची थोडी जास्त, ताप साधारण ३८.३ सेल्सियसच्या वर जायला नको. थरथर, झोकांडी, जोरात श्वास, अचानक ढिलं पडणं, लीद बंद होणं, पोटाकडे वळून वळून बघणं, लोळणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, डॉक्टरांना उठवा. आडवं पडलेलं उठत नसेल तर दर काही तासांनी कूस बदला, छातीवर टेकवून बसवा, अंगाखाली जाड मऊ अंथरूण ठेवा, नाहीतर हाडांवर जखमा होतात.

जंताचं औषध पहिल्या दिवशी देऊ नका. लहान शिंगराच्या पोटात गोल जंतांचा गोळाच असू शकतो, जोरदार औषधाने सगळे एकदम मेले तर आतडं तुंबतं. थोडी ताकद आल्यावर, लीद तपासून, डॉक्टर सांगतील ते आणि तेवढंच. धनुर्वाताची लस मात्र लवकर विचारा, जखम असेल तर आधीच, कारण धनुर्वात घोड्याला फार सहज होतो. गोचीड काढण्याचं औषधही विचारूनच, अशक्त अंगाला सगळं झेपत नाही.

खूर वाढून वाकडे झाले असतील तर नालबंद बोलवा, पण एका बैठकीत सगळं कापून सरळ करायला सांगू नका, थोडं थोडं. नाल ठोकायची गरज नाही. खरारा, म्हणजे ब्रशने अंग साफ करणं, मऊ हाताने, हाडांवर दाबून नको, आणि तो रोज करा, माणसाच्या हाताची भीती जायला त्याचा फार उपयोग होतो. दुपारी पत्र्याच्या शेडखाली भट्टी होते, त्यापेक्षा झाडाची सावली आणि वारा चांगला. सोबत एखादं शांत जनावर असलं तर बरं, पण आजाराचे रिपोर्ट आल्यावरच.

दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच बाजूने फोटो काढा आणि छातीचा घेर टेपने मोजून वहीत लिहा. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. अंग भरायला महिने लागतात, सहा ते दहासुद्धा, आणि वाढत्या वयात घाईने वजन चढवलं तर सांध्यांजवळच्या वाढणाऱ्या हाडांना सूज येते, म्हणून दोन महिन्यांनी चंदी सुरू केली तरी मूठ-मूठ, आणि नुसता कोंडा नको, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, हाडं कमकुवत होतात.

तब्येत सुधारली की दोन गोष्टी लगेच सुरू होतात, जुना मालक परत येतो किंवा कुणीतरी "वरातीला देतो का" असं विचारायला येतं. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांच्या आसपास पूर्ण होते, पाठीच्या हाडांची त्याहून बरीच नंतर, त्यामुळे तोपर्यंत पाठीवर माणूस, खोगीर, काहीच नाही. पोलीस तक्रारीची प्रत, रक्ताचे रिपोर्ट आणि पहिल्या दिवशीचे फोटो एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल शिंगरू जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर पाठवा.