गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना

काचा वर, दारं बंद. समोरच्या काचेला आतून एक छोटा सेन्सर चिकटवलेला, त्याची वायर बाहेर ठेवलेल्या लॅपटॉपपर्यंत गेलेली. पंच खूण करतो, गाडीवाला बटण दाबतो, आणि दोन-तीन सेकंद गाडीचं छप्पर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं थरथरतं. मग एकदम शांतता, आणि स्क्रीनवर आकडा: 143.6 डेसिबल (आवाज मोजायचं एकक). आवाजाच्या दाबाची स्पर्धा, म्हणजे एसपीएल, ती हीच. गाणं कसं वाजलं हे इथे कुणी विचारत नाही. त्यासाठी साउंड क्वालिटीची वेगळी स्पर्धा असते, तिथे पंच गाडीत बसून ऐकतो आणि गुण देतो. आयास्का, मेका, एम्मा या संघटनांकडे हे दोन्ही प्रकार आहेत. निव्वळ आकड्याच्या खेळात सर्वांत गाजलेलं नाव डीबी ड्रॅग रेसिंगचं. वेन हॅरिस यांनी ते सुरू केलं. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि मोठा आकडा आणणारी पुढच्या फेरीत जाते, म्हणून ते ‘ड्रॅग’.

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा जवळचे जवळजवळ सगळे पैसे अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आवाजाला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, घातले होते. माझ्या निम्म्या ताकदीच्या अ‍ॅम्पवाल्याने माझ्यापेक्षा चार डेसिबल जास्त काढले. त्याची गाडी आवाज बाहेर सोडत नव्हती, माझी सोडत होती. खालच्या पायऱ्यांचा क्रम मी त्या दिवसावरून लावला आहे.

पायरी 1: डेसिबलचा हिशोब डोक्यात बसवा

वॉट दुप्पट केले तर आकडा फक्त 3 डेसिबलने वाढतो. 140 वरून 150 वर केवळ ताकदीने जायचं तर दहापट वॉट लागतील. वूफर (खालचे सूर वाजवणारे मोठे स्पीकर) दुप्पट केले आणि प्रत्येकाला आधीइतकेच वॉट दिले, तर 6 डेसिबलपर्यंत मिळू शकतात. त्यामुळे दरवाजाच्या रबरातली फट बुजवून मिळालेला दीड डेसिबल फार मोलाचा. तोच अ‍ॅम्पने मिळवायचा म्हटलं तर ताकद सुमारे 40 टक्क्यांनी वाढवावी लागेल.

पायरी 2: गट आधी ठरवा, सामान नंतर घ्या

गट साधारणपणे वूफरची संख्या आणि आकार, अ‍ॅम्पची ताकद आणि गाडीत केलेले फेरफार यांवर पडतात. खालच्या गटांत सीट जागेवर हव्यात, वूफरचा लाकडी बॉक्स ठरावीक उंचीच्या वर जाता कामा नये, अशा अटी असतात. सर्वांत वरच्या गटातल्या गाड्या रस्त्यावर चालवायच्या राहिलेल्याच नसतात. भिंतीत काँक्रीट, काचेच्या जागी जाड थर, दारं बोल्टने आवळलेली, आणि सगळं बाहेरून चालवायचं. अशा गाड्यांनी 180 डेसिबलच्या पुढचे आकडे काढले आहेत.

नवख्याला मी बास रेसचा प्रकार सुचवेन. त्यात तुमच्या गटाची वरची मर्यादा ठरलेली असते, उदाहरणार्थ 129.9 किंवा 139.9. संगीत वाजवायचं, त्या आकड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण ओलांडायचं नाही. ओलांडलं की फेरी गेली. इथे पैशापेक्षा आपली गाडी किती ओळखीची आहे ते महत्त्वाचं ठरतं.

नियमपुस्तिका त्याच स्पर्धेची, त्याच वर्षाची घ्या. फूटपट्टी घेऊन गाडीत बसा आणि एकेक अट मोजून पाहा.

पायरी 3: व्होल्टेज पडू देऊ नका

मल्टिमीटरचे टोक थेट अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर लावा, बॅटरीवर नाही. इंजिन चालू असताना समजा 14.4 दिसतात. आता पूर्ण आवाजात दोन सेकंद टोन वाजवा आणि काटा कुठवर उतरतो ते बघा. 12 पर्यंत आला, तर बहुतेक मोठ्या अ‍ॅम्पच्या बाबतीत सुमारे दीड डेसिबल तिथेच गेला. कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

दोष बहुतेक वेळा वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये सापडतो. अर्थची वायर शक्य तितकी आखूड ठेवा, आणि बॉडीला जिथे लावायची तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरला त्याच जाडीत विरोध जास्त असतो. मुख्य वायरीवर बॅटरीजवळ, साधारण 45 सेंटिमीटरच्या आत, फ्यूज हवाच. वायर घासून बॉडीला टेकली तर गाडीला आग लागू नये म्हणून तो असतो, आणि त्याबद्दल मला कुणाशी वाद घालायचा नाही. जादा बॅटरी बसवलीत तर तिच्याजवळही फ्यूज लावा आणि ती घट्ट बांधा.

पायरी 4: बॉक्स

बंद बॉक्सपेक्षा पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेला, बॉक्स आपल्या ट्यूनिंगच्या (ज्या सुरासाठी तो बेतलेला असतो त्याच्या) आसपास बराच जास्त जोर देतो, म्हणून स्पर्धेत तोच जास्त दिसतो. रोजच्या गाण्यांसाठी बॉक्स 30 ते 35 हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं) ट्यून करतात, आकड्यासाठी त्याहून वर, बऱ्याचदा 45 ते 55 च्या दरम्यान. एक धोका ध्यानात असू द्या: ट्यूनिंगच्या बऱ्याच खालचा सूर वाजवला की वूफरच्या हलत्या पडद्यावर, म्हणजे कोनवर, हवेचा लगाम उरत नाही, तो मोकाट पुढे-मागे जातो आणि वूफर फाटतो. फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर त्यासाठीच आहे.

एमडीएफ किमान 18 मिलिमीटर, वूफर बसतो ती बाजू दुहेरी, आत आडवे आधार. वाजत असताना बॉक्सवर हात ठेवा. भिंत हाताला थरथरती लागली, तर तेवढी ताकद लाकूड हलवण्यात चालली आहे.

पायरी 5: गाडीचा लाडका सूर शोधा

इथे घाई करू नका. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर असते, म्हणजे गाडीच्या आतल्या जागेपेक्षा मोठी. म्हणून लहर तिथे ‘प्रवास’ करत नाही. सगळी केबिनच एकदम दाबली जाते आणि सैल होते. प्रत्येक गाडी, बॉक्स आणि वूफर यांच्या जोडणीला एक सूर सर्वांत जास्त मानवतो, आणि त्याच्या तीन-चार हर्ट्झ इकडे-तिकडे आकडा धपकन पडतो.

टेस्ट टोनची फाइल घ्या, 35 पासून 65 पर्यंत, एकेक हर्ट्झच्या पायरीने. मायक्रोफोन स्पर्धेत असतो तिथेच लावा. बऱ्याच ठिकाणी तो प्रवाशाच्या बाजूच्या काचेवर, डॅशबोर्डपासून 4 इंच वर आणि कडेच्या खांबापासून 12 इंच आत असतो. प्रत्येक सूर तीन सेकंद वाजवा, आकडा वहीत लिहा, मध्ये कॉइल (वूफरच्या आतली तारेची गुंडाळी) थंड होऊ द्या. हे सगळं अर्ध्या आवाजात केलं तरी चालतं, कारण तुम्हाला चढउतार हवा आहे. सर्वांत वरचा सूर सापडला की एकाच वेळी एकच गोष्ट बदला: बॉक्सचं तोंड डिकीकडे फिरवून पाहा, मग तो दोन इंच मागे सरकवा, मग पुढच्या सीट सरकवा. दर वेळी मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आकडा वाढला, तर कशामुळे वाढला ते कधीच कळत नाही. माझ्या वहीत अशी अख्खी तीन पानं फुकट गेली आहेत.

आणखी एक. वूफरवर 1 ओहम लिहिलं असलं, तरी वाजताना त्या सुराला विरोध वाढून 2, कधी 4 ओहमपर्यंत जातो. मग 1 ओहमला 2000 वॉट देणारा अ‍ॅम्प प्रत्यक्षात त्याच्या निम्मे किंवा चौथाई देत असतो. क्लॅम्प मीटरने करंट आणि मल्टिमीटरने व्होल्ट एकाच वेळी मोजले की हे दिसतं.

पायरी 6: गळती शोधा

टिश्यू पेपरची एक पट्टी फाडा. गाडीची दारं-काचा बंद करून आत सूर वाजवा (आत कुणी नको) आणि बाहेरून पट्टी दाराच्या सगळ्या फटींवरून हळूहळू फिरवा. जिथे पट्टी फडफडेल तिथून दाब बाहेर पडतो आहे. माझ्या गाडीत ती जागा मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात निघाली. तिथलं रबर वाळून चपटं झालं होतं. नवं रबर बसवलं आणि त्याच सुराला 1.2 डेसिबल वाढले. नंबरप्लेट, डिकीचं झाकण, छप्पर हेही हाताने दाबून बघा. दाबल्यावर आवाज घट्ट वाटला तर तिथे आतून डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा थर) किंवा आधार द्या, पण तुमच्या गटात ते चालतं ना, हे आधी पाहा.

पायरी 7: कान

85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. आपण बोलतो आहोत ते आकडे या हिशोबाच्या पार बाहेरचे आहेत. मोजणी चालू असताना आत बसू नका, रिमोटने बाहेरून वाजवा. लेनजवळ (गाड्या मोजणीला उभ्या करतात तिथे) उभं राहतानाही इअरप्लग घाला, गर्दी असेल तर त्यावर इअरमफ. मुलांना लांब ठेवा. कानात शिट्टी वाजायला लागली तर त्या दिवसाचं काम थांबवा. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

पायरी 8: स्पर्धेच्या दिवशी

लवकर पोचा. बॅटऱ्या पूर्ण चार्ज असाव्यात, जादा फ्यूज आणि पाने गाडीत असावेत. तपासणीत पंच वूफर मोजतील, अ‍ॅम्प बघतील, गट पक्का करतील. गेन, म्हणजे अ‍ॅम्पने सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, घरीच लावून ठेवा. लेनमध्ये जोशात थोडा वाढवला की अ‍ॅम्प क्लिप होतो (आवाजाच्या लहरीची टोकं छाटली जातात) आणि कॉइल तापते. वार्निश जळल्यासारखा वास आला तर ताबडतोब थांबवा, पंच काय म्हणतील याचा विचार करत बसू नका.

तुमच्या फेरीला ठरलेला वेळ मिळतो, अनेक ठिकाणी 30 सेकंद. एवढा वेळ सलग वाजवायचं नसतं. दोन-तीन सेकंदांचा एक छोटा जोर, थोडं थांबून दुसरा, तेवढं पुरतं. पहिला जोर बहुधा सर्वांत मोठा असतो, कारण कॉइल थंड आणि बॅटरी भरलेली असते. दुसऱ्यासाठी सूर एखादा हर्ट्झ इकडे-तिकडे करून पाहा.

आकडा आला की तो वहीत लिहा, शेजारी तापमान, सूर आणि व्होल्टेजही. मग तुमच्याच गटात तुमच्यापेक्षा वरचा आकडा काढणाऱ्याकडे जा आणि डिकी उघडून दाखवायला सांगा. सहसा दाखवतात, आणि दारामागे काय केलंय तेही आपणहून सांगतात.