मुलाच्या स्कॅनसाठी गुंगी किंवा भूल: या चुका टाळा

एमआरआयच्या बोगद्यात मुलाला बहुधा अर्धा ते पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्राची ठकठक त्या वेळात थांबत नाही. म्हणून लहान मुलांना बऱ्याचदा गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते. सीटी स्कॅन मात्र काही सेकंदांत होत असल्याने तेथे पुष्कळदा औषधाशिवाय भागते. अगदी तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवले तरी काही वेळा काम होते, हे डॉक्टरांना आधी जरूर विचारावे.

भूलतज्ज्ञ म्हणून मला सर्वाधिक काळजी उपाशी पोटाची वाटते. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या एका आईने मूल उपाशी असल्याचे सांगितले, पण त्याच्या मुठीत चहात भिजलेल्या बिस्किटाचा चुरा होता. रडू आवरेना म्हणून आजीने तो घास दिला होता, आणि मिळालेली तारीख जाईल या भीतीने कोणी बोलले नव्हते. गुंगीत घशाची राखण करणारी प्रतिक्रिया मंदावते, त्यामुळे पोटातले वर आले तर ते थेट फुप्फुसांत उतरू शकते. सर्वसाधारण नियम असा, की साधे पाणी 2 तास, आईचे दूध 4 तास, वरचे दूध व हलका आहार 6 तास आणि तळलेले जड जेवण 8 तास आधी थांबवावे. भाताची पेज, डाळीचे पाणी आणि दुधाचा चहा यांना पाणी समजू नये. चुकून काही दिले गेले असेल तर ते सांगावे. त्यासाठी तुमच्यावर कोणी रागावता कामा नये. त्या मुलाचा स्कॅन आम्ही दुपारी केला.

दुसरी चूक याहून धोक्याची आहे. "वाटेतच झोपेल" म्हणून घरी उरलेले झोपेचे सिरप निघण्यापूर्वी पाजले जाते, आणि मग द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत मुलाचा श्वास अडला तर जवळ ना ऑक्सिजन असतो ना प्रशिक्षित माणूस. औषध रुग्णालयातच, त्याच दिवशी केलेल्या वजनावरून द्यावे. मुलाने ते ओकून टाकले किंवा मूल झोपले नाही, तर लगेच दुसऱ्या मात्रेचा आग्रह धरू नये. पहिली किती पोटात गेली हे कळत नाही आणि दोन्हींचा परिणाम एकदम चढू शकतो.

सर्दी, ताप, खोकला असल्यास आदल्या दिवशीच फोन करावा, कारण चिडलेली श्वासनलिका भुलेत आवळू शकते. मूल रात्री घोरत असेल तर तेही सांगावे. एमआरआयच्या चुंबकाजवळ धातू चालत नाही, म्हणून ताईत, वाळे, लंगोटाची सेफ्टी पिन घरीच काढावी; झोपल्यावर काढायला गेल्यास मूल जागे होते.

स्कॅन चालू असताना नाडी, ऑक्सिजन आणि श्वास यांवर केवळ त्यासाठीच नेमलेली प्रशिक्षित व्यक्ती लक्ष ठेवणार का, हे विचारण्यात संकोच नको.

परतताना रिक्षेत पेंगणाऱ्या मुलाची हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून सोबत दोन मोठी माणसे असावीत आणि एकाने केवळ त्याची मान सरळ धरावी. घरी गेल्यावर मूल हाक मारूनही उठत नसेल, वारंवार ओकत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता 108 वर फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.