वीर्यतपासणीचा नमुना देताना

आज दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू आज तयार झालेले नसतात. वृषणातल्या बारीक, वेटोळ्या नलिकांमध्ये मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात. मग तो वृषणाला चिकटलेल्या एपिडिडायमिस नावाच्या वेटोळ्या नळीतून पुढे सरकतो आणि नीट पोहायची ताकद त्याला तिथे येते. म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी जोराचा ताप येऊन गेला असेल, तर त्याचा फटका आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. गेल्या तीन महिन्यांतली आजारपणं आणि औषधं डॉक्टरांना आधीच सांगा. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर तेही सांगा. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना चालना देणं थांबवते आणि शुक्राणूंची संख्या पार शून्यावर येऊ शकते.

शेवटच्या वीर्यपतनानंतर किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस जाऊ द्या. याहून जास्त थांबून फायदा नाही; संख्या वाढते, पण साठून राहिलेल्यांत मेलेले शुक्राणूही वाढतात.

आधी लघवी करा, हात आणि शिश्न साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. नमुना हस्तमैथुनाने थेट लॅबने दिलेल्या डबीत घ्या. थुंकी, तेल, क्रीम काहीही लावू नका. साधा कंडोमही चालत नाही, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पहिल्या थेंबांचा. बहुतेक शुक्राणू वीर्याच्या पहिल्या भागातच असतात. नंतर येतो तो मुख्यतः शुक्राशयाचा, म्हणजे वीर्यातला बराचसा द्रव बनवणाऱ्या ग्रंथीचा, स्राव. सुरुवातीचं थोडं जरी सांडलं तरी संख्या खोटी कमी दिसते. संकोच न करता लॅबमध्ये तसं सांगा आणि पुन्हा नमुना द्या.

शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून आणायचा असेल तर वेळ लिहून ठेवा, डबी अंगाजवळच्या खिशात ठेवा आणि तासाभरात, जमल्यास अर्ध्या तासात पोहोचवा. फ्रीज नको, उन्हात तापलेली गाडीही नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत किमान संदर्भमूल्यं अशी: वीर्य 1.4 मिली, दर मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्राणू, पुढे पोहणारे 30 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. आकडे याखाली गेले म्हणजे मूल होणारच नाही, असं मुळीच नाही. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. शुक्राणू शून्य आले, तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून तळाचा साका पाहिला का, हे लॅबला जरूर विचारा.